कंडक्टरकाकांची वही

(ज्येष्ठ सभासदांच्या गुरुवारच्या भोजनानंतर मंदिराच्या सभागृहात आपल्या एका भगिनीने केलेले हे भाषण. टेपवरून उतरवून, त्यांच्याच बोलीत देत आहोत.)



मला उभं राहून बोलायची सवय नाही. समितीच्या लोकांनी सांगितलं, काकू, वर्षश्राद्ध झालं, आता दोन शब्द बोला. म्हटलं, दोन शब्द काय बोलायचे, तुम्ही सगळे त्यांना ओळखत होतातच की. तर म्हणाले, आम्ही मंदिरातले काका ओळखतो, घरातले नाही. म्हणून आले. बसून बोलते, गुडघे ऐकत नाहीत.

तुम्ही त्यांना कंडक्टरकाका म्हणायचात. मी अजूनही ‘हे’ म्हणते. साठ वर्षं झाली लग्नाला, आता नाव कुठं घेत बसू.

यांचा जन्म 1941 चा, फलटण तालुक्यातला, तरडगावजवळचा. ज्यांनी वारी केली आहे त्यांना चांदोबाचा लिंब माहीत असेल. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण तिथं होतं. हे लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ते बघायचे. घरात माळ होती, त्यामुळे मांसमच्छी नाही, आणि रोज संध्याकाळी हरिपाठ. जमीन थोडी, भाऊ पाच. 1965 च्या मे महिन्यात आमचं लग्न झालं. तेव्हा हे मुंबईला एका दुकानात हिशेब लिहायचे. कुणीतरी सांगितलं, विलायतेत कामाची माणसं घेतात, व्हाउचर मिळतं. यांनी अर्ज केला, आणि 1966 च्या नोव्हेंबरात निघाले सुद्धा. तेव्हा परदेशी जाणाऱ्याला सरकार तीन पौंड बरोबर नेऊ द्यायचं. तीन पौंड, दोन सदरे, हरिपाठाचं पुस्तक, आणि माझ्या सासूबाईंनी बांधून दिलेले शेंगदाण्याचे लाडू. मला तेव्हा पाचवा महिना होता.

मुलगी झाली ती यांना तारेनं कळली. पहिल्यांदा बघितली 1969 साली, विमानतळावर, ती दोन वर्षांची झाल्यावर. ती यांच्याकडे जाईना. परका माणूस म्हणून रडायला लागली. हे काही बोलले नाहीत. खिशातून तिकिटांची एक लांब पट्टी काढली आणि तिच्या हातात दिली. रिकामी तिकिटं होती, मशीनमधली. ती पट्टी तिनं विल्सडनला पोचेपर्यंत सोडली नाही. आज ती मागे बसली आहे, तिला आठवत नाही, पण मला आठवतंय.

लंडन ट्रान्सपोर्टमध्ये कंडक्टर. तुमच्यातल्या पुष्कळांना त्या जुन्या रूटमास्टर बस आठवत असतील, मागं उघडा दरवाजा, दांडा धरून उडी मारायची. गळ्यात तिकिटाचं मशीन, कातड्याची पैशांची पिशवी. दिवसभर वर-खाली, वर-खाली. थंडीत त्या उघड्या प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं म्हणजे काय ते उभं राहणाऱ्यालाच ठाऊक. पायात दोन मोजे घालायचे आणि मध्ये वर्तमानपत्राचा कागद. अर्ली टर्न असली की साडेतीनला उठायचं. सुट्टीच्या दिवशी बोलावलं तरी जायचे, कारण रेस्ट डेचे जास्त पैसे मिळत.

एक गंमत सांगते. आपल्याकडे 1957 साली एप्रिलमध्ये आणे-पै गेले आणि नवे पैसे आले. हे तेव्हा सोळा वर्षांचे. शाळेत सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा असे हिशेब पाठ झालेले. मग इथं आले तर बारा पेन्सांचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड. हे म्हणायचे, मला कुणी शिकवावं लागलंच नाही, नुसती नावं बदलली. 1971 च्या फेब्रुवारीत इथंही दशमान आलं. गराजमध्ये सगळ्यांची धांदल, म्हातारे उतारू भांडायचे, आम्हाला फसवताय म्हणायचे. आणि हे निवांत. ‘माझं दुसऱ्यांदा आहे’ म्हणायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी सगळं तोंडपाठ होतं. नातवंडांना गाडीत बसवून म्हणायला लावायचे. त्या पोरांना काही अर्थ कळायचा नाही, पण म्हणायची.

आम्ही राहत होतो ती एक खोली होती. चार बिऱ्हाडांत एक न्हाणीघर. गॅसच्या मीटरमध्ये शिलिंग टाकायचा, तो संपला की गॅस बंद. एकदा भाकरी अर्धी भाजली आणि गॅस गेला. शिलिंग नाही. हे खाली गेले, रस्त्याच्या टोकाच्या दुकानातून मोड घेऊन आले, तोवर भाकरी वातड. तशीच खाल्ली, काही बोलले नाहीत. तूरडाळ, तांदळाचं पीठ आणायला ड्रमंड स्ट्रीटला जायचं, महिन्यातून एकदा, पिशव्या भरून. पॅराफिनच्या शेगडीचा वास सगळ्या कपड्यांना. मी घरी शिलाई घ्यायची, डझनावर पैसे. हे लेट टर्न करून रात्री एकला यायचे, जेवायचे, आणि माझ्या शेजारी बसून कपड्यांचे दोरे कापायचे. मी म्हणायची झोपा, तर म्हणायचे, ‘अगं, हात रिकामे आहेत.’

पहाटे जाताना चहा करून माझ्या उशाशी ठेवायचे, वर बशी झाकून. मी उठेपर्यंत तो गार व्हायचा. मी चिडायची, कशाला उगीच दूध घालवता. तरी ठेवायचे. आता वाटतं, गरम करून प्यायला मला काय झालं होतं?

पण मंडळी, आज इथं नुसतं गोड बोलायला मी आलेली नाही. माणूस गेला की आपण त्याला देव करून टाकतो. हे देव नव्हते. हट्टी होते, आणि पैशाला चिकट होते. घरातला एक पेनी मला विचारल्याशिवाय खर्च झाला नसेल, पण मला विचारून एकही कागद कधी केला नाही. बिलं यांनी भरायची, बँक यांनी बघायची, पेन्शनची पत्रं यांच्या पेटीत. किल्ली यांच्या जानव्याला... जानवं नव्हतं, करदोट्याला. मी म्हटलं, मला एकदा दाखवून ठेवा. तर म्हणायचे, मी आहे ना. मुलांनी म्हटलं, मृत्युपत्र करा. तर म्हणायचे, एवढी काय घाई, मी काय चाललो का? हे ऐकून आत्ता हसताय, त्यातल्या निम्म्यांच्या घरी हेच आहे, मला माहिती आहे.

1980 साली माझं मोठं ऑपरेशन झालं. तीन महिने मला घागरसुद्धा... घागर कुठली, बादली उचलायची नव्हती. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा आठ. गावाकडं कळवलं असतं तर सासूबाई तिथं रडत बसल्या असत्या, म्हणून यांनी कुणालाच कळवलं नाही. स्वतः सगळं केलं. मुलीच्या वेण्या घातल्या. पहिल्या आठवड्यात एक वेणी कानावर, एक मानेवर. मग गराजमधल्या एका जमैकन बाईंनी यांना वेणी कशी घट्ट घालायची ते दोरीवर शिकवलं, कँटीनमध्ये. मला अंघोळ घालायचे. आमच्या पिढीत नवऱ्यानं बायकोला अंघोळ घालणं म्हणजे! दार लावून घेतलं आणि म्हणाले, ‘इथं बघायला कोण येतंय?’ तीन महिन्यांनी मी उभी राहिले त्या दिवशी गोड शिरा केला, तो खारट झाला होता, साखरेच्या जागी मीठ. खाल्ला आम्ही.

हे मी एवढ्यासाठी सांगितलं, की पुढचं कळावं.

2006 साली पासष्टाव्या वर्षी निवृत्त झाले. शेवटची पंचवीस वर्षं ड्रायव्हर होते, पण स्वतःला कंडक्टरच म्हणायचे. आधल्या डिसेंबरात, 2005 च्या 9 तारखेला, शेवटची रूटमास्टर 159 नंबरच्या मार्गावर धावली. हे नातवाला घेऊन ब्रिक्स्टनला गेले. तो पाच वर्षांचा. तोबा गर्दी होती म्हणे. आबांनी त्याला घंटेचे नियम शिकवले : एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं, तीनदा म्हणजे बस भरली, आता कुणाला घेऊ नका. घरी आल्यावर आठ दिवस आमच्या दाराची बेल कुणी एकदा वाजवेना. स्वतःची मुलं लहान असताना यांना दिसलीच नाहीत, गेले तेव्हा झोपलेली, आले तेव्हा झोपलेली. ती कसर नातवंडांवर भरून काढली. शाळेच्या फाटकाशी दहा मिनिटं आधी उभे, हातात फ्लास्क आणि लाडवाचा डबा.

आणि मग हे मंदिर. एकादशीला चपलांच्या रॅकशी बसायचे ते तुम्ही पाहिलंच आहे. दोन बिल्ले करून ठेवले होते, एक चपलांना, एक माणसाला, तिकिटासारखे. ज्येष्ठांची मिनीबस सत्तर वर्षांपर्यंत चालवली. सत्तरीनंतर त्या गाडीसाठी डॉक्टरची तपासणी आणि नवा अर्ज लागतो, तेव्हा म्हणाले, आता डोळ्यांचा भरवसा मी कशाला घेऊ, लोकांचे जीव आहेत. स्वतःहून किल्ली दिली. मग वही सुरू केली.

ती ही वही. आणली आहे मी. बघा, कंडक्टरला फेरीचा हिशेब लिहायला वेबिल असायचं, तशाच रेघा मारल्या आहेत. पहिल्या रकान्यात नाव, मग वेळ, मग ‘बोलणं झालं’ किंवा ‘उचलला नाही’, मग शेरा. संध्याकाळी सहाला बसायचे, आपले जे लोक एकटे राहतात त्यांना फोन करायचे. रोज आठ जणांना. फार नाही बोलायचे. जेवलात का, गोळी घेतलीत का, हीटर लावलाय का. शेऱ्यात लिहायचे. ‘खोकला.’ ‘मुलगा आला नाही.’ ‘दूध नाही, उद्या देणे.’ एका पानावर नुसतं लिहिलंय, ‘रडल्या. कारण विचारले नाही.’

नावं मी वाचणार नाही. पण त्यातले तिघं-चौघं आज इथं बसलेत.

2018 च्या दिवाळीनंतर या वहीतच मला पहिल्यांदा दिसलं, पण मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. एकाच संध्याकाळी एकाच बाईंचं नाव तीनदा, वेळ वेगळी, शेरा तोच. त्या बाई मला नंतर म्हणाल्या, वहिनी, मला वाटलं भाऊंना माझी जास्तच काळजी लागली आहे, म्हणून मी काही बोलले नाही. मग बेरजा चुकायला लागल्या. पावकी-निमकी म्हणणारा माणूस दुकानात मोड हातावर घेऊन बघत उभा राहायचा. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी स्मृतीच्या दवाखान्यात पाठवलं आणि डिमेन्शिया सांगितला.

मी काय केलं? लपवलं. मंदिरात विचारलं की सांगायची, गुडघे दुखतात. मुलांनासुद्धा अर्धंच सांगितलं. लोक म्हणतील वेड लागलं, नातीच्या लग्नाचं बघताना आडवं येईल, काय नि काय. 2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं, मंदिरही बंद, तेव्हा खरं सांगू, मला बरंच वाटलं. कुणी येणार नाही, कुणी विचारणार नाही. पण त्या दोन वर्षांत आजार फार पुढं गेला. इंग्रजी गेली आधी. पन्नास वर्षं बोललेली भाषा पानासारखी गळून गेली, आणि राहिली ती फलटणकडची मराठी, लहानपणची. शेजारचे गोरे आजोबा हॅलो म्हणायचे तर हे म्हणायचे, ‘कुणाचं रं तू?’ मला रात्री तीन-तीनदा उठवायचे. मी ऐंशीच्या जवळ आलेली. वजन निम्मं झालं. कुणी म्हटलं मदत घ्या, तर मी म्हणायची, यांनी मला तीन महिने अंघोळ घातली, मी यांचं करायला कुणाला बोलावू?

आता वाटतं, त्यात माझा ताठाही होता थोडा.

2022 च्या जानेवारीत एका पहाटे मी जागी झाले तर अंथरूण रिकामं. दार उघडं. बाहेर दंव पडलेलं. मी चप्पल न घालता रस्त्यापर्यंत गेले. माझ्या तोंडून आवाज फुटेना. तेवढ्यात फोन वाजला. पहिल्या बसची ड्रायव्हर मुलगी होती. थांब्यावर एक म्हातारे गृहस्थ उभे होते, अंगावर नाइटसूट, वरून कोट, हातात जेवणाचा डबा. तिला म्हणाले असतील काहीतरी, तिला कळलं नाही. पण बसमध्ये चढल्यावर यांनी दांडा धरला आणि दोनदा टकटक केलं. ती म्हणाली, तेव्हा मला कळलं की हे आमच्यातले आहेत. हीटर लावून बसवलं, खिशातला कागद बघितला, त्यावर आमचा फोन नंबर. तो कागद मुलीनं माझ्याशी भांडून त्या कोटात ठेवला होता. डबा उघडला तर आत टीव्हीचा रिमोट, रुमालात बांधलेला.

त्या दिवशी मी मंदिरात फोन केला. दोन वर्षांत पहिल्यांदा. नुसतं म्हटलं, ‘माझ्यानं होत नाही.’ दुपारपर्यंत तुमच्यातले दोघं घरी होते.

पुढचं नीट ऐका, विशेषतः माझ्या वयाच्या बायकांनी. मी चुकत चुकत शिकले ते सांगते. मी काही वकील नाही.

पहिलं पैशाचं. पेन्शनच्या वयानंतर आजारानं ज्याला रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते, त्याला अटेंडन्स अलाउन्स मिळतो. त्याला तुमची शिल्लक किती, घर आहे का, काही विचारत नाहीत. दिवसा किंवा रात्री मदत लागली तर एक दर, दिवस-रात्र लागली तर वरचा. साधारण सहा महिने तशी गरज असायला हवी. मी म्हणत होते, ही भीक आहे, आम्हाला नको. नात म्हणाली, ‘आज्जी, आबांनी चाळीस वर्षं टॅक्स भरला, तो काय भीक म्हणून भरला?’ फॉर्म लांबलचक आहे. मी प्रत्येक रकान्यात ‘ठीक आहे, जमतं’ असं लिहायला निघाले होते. आपल्याला सवयच ती, पाहुण्यासमोर सगळं ठीक. नातीनं पेन काढून घेतलं. रात्री किती वेळा उठता, शौचाला कोण नेतं, जेवण कोण भरवतं, सगळं खरं खरं लिहायला लावलं. मला लाज वाटली ते वाचताना. पण तेच आमचं आयुष्य होतं. तो मिळाल्यावर डॉक्टरचा दाखला जोडून कौन्सिल टॅक्समध्येही सूट मिळाली, पाव भागाची. दोघंच राहत होतो ना आम्ही, म्हणून.

दुसरं, करणाऱ्या माणसाची चौकशी. कौन्सिलला सांगता येतं की मी घरच्या माणसाची काळजी घेते, माझी अडचण समजून घ्या. कायद्यानं त्यांना ती चौकशी करावी लागते. मला कधी वाटलंच नव्हतं की यात माझाही काही प्रश्न आहे. त्यातून आठवड्याला काही तास माणूस यायला लागला, मी झोपायला लागले.

माणूस घरातून निघून जात असेल तर पोलिसांचा एक फॉर्म आहे, हर्बर्ट प्रोटोकॉल म्हणतात. फोटो, जुन्या नोकरीची जागा, नेहमीचे रस्ते असं भरून घरात ठेवायचं. वेळ आली तर शोधायला सोपं जातं. आम्ही त्यात गराजचा पत्ता लिहिला.

आणि हे शेवटचं, यात आमचं फार नुकसान झालं. लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नी. दोन असतात, एक पैशाअडक्याची, एक तब्येतीची आणि काळजीची. माणूस शुद्धीत असताना, त्याला कळतंय तोवर, त्यानं स्वतः सही करायची असते की पुढं माझ्या वतीनं हे बघतील. मुलगी 2017 पासून म्हणत होती. हे म्हणायचे, मी आहे ना. मीही म्हणायची, जाऊ दे, त्यांना वाईट वाटतं. आजार कळल्यावरसुद्धा वेळ होती, सुरुवातीला त्यांना सगळं समजत होतं. आम्ही आणखी टाळलं. शेवटी गेलो तेव्हा समोरच्या माणसानं यांना विचारलं, तुम्ही कशावर सही करताय? यांनी त्याला तिकीट विचारलं.

संपलं. मग ती सही चालत नाही. मुलीला कोर्ट ऑफ प्रोटेक्शनमध्ये अर्ज करावा लागला, महिने गेले, पैसे गेले, दरवर्षी हिशेब द्यायचा तो वेगळा. यांच्या एकट्याच्या नावावरचे पैसे, यांनी पै पै करून ठेवलेले, यांच्याच औषधाला, यांच्याच माणसाला देता येत नव्हते. मुलगा आणि मुलगी उधार-उसनवार करत होते. पैशाला जपणाऱ्या माणसाचे पैसे बघा कुठं अडकले! नवरा-बायको असलो की आपोआप अधिकार मिळतो असं मला वाटायचं. तसं नसतं.

माझ्या मनात यांच्याबद्दल राग होता त्या वर्षी. सांगते, लपवत नाही. अंघोळ घालताना बडबडायची मी, ‘सगळं मी बघतो, मी बघतो, आता बघा की.’ हे माझ्याकडं बघून हसायचे.

तुमच्यातल्या माणसांनी येऊन यांच्याशी मराठीत बोलायला सुरुवात केली, मंगळवारी एक, शुक्रवारी एक, त्यानं फार फरक पडला. येणाऱ्या मदतनीस मुलीला यांचं कळायचं नाही, तुम्ही तिला वीस शब्द लिहून दिलेत. पाणी, दुखतंय, थंडी, नको. ती ‘नको’ फार छान म्हणायची. नात मराठी नीट बोलायला शिकली ती याच दोन वर्षांत. शाळेच्या क्लासला आम्ही किती वर्षं पाठवलं होतं, आलं नव्हतं. नातू खुर्ची ढकलायचा, पण हातावर दोनदा टकटक केल्याशिवाय हे निघू द्यायचे नाहीत.

शेवटच्या वर्षी यांना सारखं वाटायचं की आपण गावाकडं आहोत आणि वारी जवळ आली आहे. विचारायचे, ‘पालखी कुठवर आली?’ सुरुवातीला मी म्हणायची, अहो, आपण लंडनला आहोत, डिसेंबर आहे. मग ते घाबरे व्हायचे. मग मी तसं म्हणायचं सोडून दिलं. सांगायची, आज सासवडला आहे. उद्या जेजुरी. मग वाल्हे. नीरा ओलांडली की यांचा चेहरा उजळायचा, लोणंद, मग तरडगाव, म्हणजे आपल्या दारातच. त्या दिवशी यांना उभं राहायचं असायचं, आम्ही दोघी धरून उभं करायचो. हरिपाठ मी म्हणायची आणि यांचे ओठ हलायचे, एकही शब्द चुकायचा नाही. स्वतःच्या मुलाचं नाव गेलं होतं, पण ते गेलं नव्हतं. फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, अशी मी रोज एकेक मुक्काम पुढं न्यायची. भंडीशेगाव झालं की वाखरी. वाखरीच्या पुढं मी नेलीच नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं की म्हणायची, आज आळंदीहून निघाली. त्यांना आठवत नसायचं. मला मात्र पंढरपूर म्हणवत नव्हतं.

मागच्या वर्षी चैत्रात, घरीच, सकाळी गेले. सगळे जवळ होते. अस्थी मुलानं नेल्या, थोड्या नीरेत, थोड्या चंद्रभागेत.

आता वहीचं. यांच्यानंतर काही महिन्यांनी मी ती उघडली. माझं नाव त्यात कसं असणार? पण मी आता एकटी राहते. एका संध्याकाळी सहाला फोन वाजला. ज्यांच्या नावापुढं यांनी ‘रडल्या. कारण विचारले नाही’ लिहिलं होतं, त्या बाई होत्या. म्हणाल्या, जेवलात का, गोळी घेतलीत का? एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी दहा दिवसांनी त्यांना म्हटलं, आता माझी पाळी, मी करते. मग आम्ही दोघींनी मिळून यांच्या रेघा असलेली नवी वही केली.

सध्या त्यात एकोणीस नावं आहेत आणि फोन करणाऱ्या आम्ही चौघी. मला रोज पाचापेक्षा जास्त होत नाहीत, घसा बसतो. आणखी सहा जण हवेत, पुरुष मंडळीही चालतील, काही पुरुष बाईमाणसाशी मोकळं बोलत नाहीत. फोनचा खर्च मंदिर देणार आहे. गुरुवारच्या मिनीबसला एक चालक कमी आहे, ज्यांनी 1997 च्या आधी गाडीची परीक्षा दिली आहे आणि वय सत्तरच्या आत आहे त्यांनी आपलं लायसन्स काढून बघावं, त्यावर डी-वन लिहिलेलं असेल तर समितीला भेटावं. आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी जेवणानंतर माझी नात आणि तिची मैत्रीण इथं फॉर्म भरायला बसणार आहेत, अटेंडन्स अलाउन्सचे आणि त्या पॉवर ऑफ अॅटर्नीचे. जोडीनं या. ‘मी आहे ना’ म्हणणाऱ्याला हाताला धरून आणा.

वही दाराशी टेबलावर ठेवते. पेन दोरीला बांधलंय, नाहीतर जातं. ज्यांना फोन यावा असं वाटतं त्यांनी डावीकडच्या पानावर नाव लिहा, ज्यांना करायचा आहे त्यांनी उजवीकडच्या. काहींना दोन्हीकडं लिहावंसं वाटेल, तेही चालेल, मी लिहिलंय.

प्रसादाला शेंगदाण्याचे लाडू आहेत. साखर मी स्वतः चाखून घातली आहे.

राम कृष्ण हरी.